कानांतील मासे

एका देवस्थानच्या कार्यकारी समितीने गेल्या वर्षी आमच्याकडे एक प्रश्न लेखी मतासाठी पाठविला. देवस्थानांचे जे प्रश्न वकिलाकडे येतात ते बहुधा कुळांचे, थकलेल्या भाड्याचे, महाजनकीच्या वारसांचे, किंवा पालखी कोणत्या वाटेने न्यावी या प्रकारचे असतात. हा प्रश्न त्या जातीचा नव्हता. भजनी मेळासाठी देणगीच्या पैशातून जी यंत्रे घ्यावयाची होती, ती गायकाच्या कानात बसणारी होती. आणि अशा एका यंत्राच्या बाहेरच्या अंगावर कोणते चित्र असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच समितीला हवे होते. वाचून आम्हांस प्रथम हसू आले. पुढे त्या कागदाने आमचे दोन महिने घेतले आणि एकदा दिलेले मत आम्हांस परत घ्यावे लागले. ते का घ्यावे लागले, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. तिचे नाव इन-इअर मॉनिटर. तिला एखादे संस्कृतोद्भव नाव द्यावे असे आमच्या मनात होते. परंतु गाणारे लोक सरळ 'इन-इअर' म्हणतात, आणि ज्याच्या कानात ती वस्तू बसते त्याचाच शब्द खरा धरला पाहिजे. जुन्या सभामंडपात पखवाज, संवादिनी आणि झांजा यांच्या मेळात गाणाऱ्यास आपला आवाज समोरच्या भिंतीवरून, छताच्या लाकडावरून परत ऐकू येत असे. ध्वनिवर्धक आले आणि ही सोय गेली. कर्ण्यांची तोंडे लोकांकडे. गायकास ऐकू येते ते त्यांच्या पाठीमागचे घोगरे, क्षणभर उशिरा पोहोचलेले. म्हणून गायकाकडे तोंड केलेले निराळे कर्णे व्यासपीठावर जमिनीवर ठेवू लागले. मग पखवाजवाला म्हणतो माझे वाढवा, संवादिनीवाला म्हणतो माझे. आवाजावर आवाज चढतो, मध्येच शीळ वाजते, आणि गायक नकळत ओरडू लागतो. गोंगाटात मनुष्य आपला आवाज न कळत चढवितो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले. आमच्याकडच्या सप्ताहांत ते दर वर्षी नव्याने सिद्ध होते. गळा बसतो ते एक आणि कान जातात ते दुसरे. पंचाऐंशी डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसातून आठ तास सोसावा, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी धरावी, असे श्रमिकांच्या आरोग्याचा विचार करणारी अमेरिकेतील सरकारी संस्था सांगते. अखंड भजनाचा चोवीस तासांचा सप्ताह या हिशेबात कोठे बसतो ते वाचकांनी पाहावे.

यावर उपाय म्हणून गायकाचा आवाज बाहेरून न ऐकविता थेट त्याच्या कानातच सोडावयाचा, ही कल्पना निघाली. अमेरिकेतील व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी १९९५ च्या सुमारास आपल्या ढोलवादकासाठी असे यंत्र तयार केले आणि तेथून या धंद्यास रूप आले. त्यासाठी लागणारे सूक्ष्म ध्वनिजनक नव्याने शोधावे लागले नाहीत. बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत ते आधीपासूनच होते. कानाचा तज्ज्ञ कर्णनलिकेत आत स्पंजाची एक बारीक गुंडी बसवितो, आणि मग मऊ सिलिकॉन भरतो. काही मिनिटांत ते घट्ट होते व कानाच्या वळणावळणाचा ठसा बाहेर येतो. त्या ठशावरून ॲक्रिलिकचे कवच तयार होते. एका माणसाचा उजवा व डावा कानही सारखा नसतो. मग दुसऱ्याचा कोठून असणार? म्हणजे ही वस्तू या पृथ्वीवर एकाच माणसास बसते. तंबोरा गुरूकडून शिष्याकडे जातो, आजोबांची संवादिनी नातू वाजवितो. हे यंत्र मात्र भावाच्याही उपयोगाचे नाही. काही वर्षांनी त्याच माणसाच्या कानाचे वळण थोडे बदलते, आणि मग त्यालाही ते सैल होते.

कवचाचा जो भाग कानाबाहेर राहतो ती नखाएवढी चकती. तिच्यावर काय असावे हे घेणाऱ्याने सांगावयाचे असते. मूळची गरज एवढीच, की अंधारात उजवे कोणते व डावे कोणते ते कळावे. म्हणून उजव्यास तांबडी खूण व डाव्यास निळी, असा श्रवणयंत्रांच्या काळापासूनचा रिवाज आहे. त्या खुणेवरून गोष्ट वाढत गेली. आता कोणी शिंपल्याचा चमकता तुकडा बसवून घेतो, कोणी सागवान, कोणी आपली आद्याक्षरे, कोणी वाघ. त्यास निराळे पैसे पडतात. शिवाय अशी वस्तू पुढे मोडीत काढावयाची म्हटली, आतील भाग काढून दुसऱ्याच्या कानाचे कवच त्यास चढवावयाचे म्हटले, तर चित्रामुळे किंमत वाढत नाही, बहुधा उतरतेच. व्यवहारी मनुष्य म्हणून काळी चकती घेतो.

आता वाद. समितीने चार जोड घेण्याचे ठरविले होते. तिघांनी काळी चकती सांगितली. चौथा गायक, त्या मेळातील वयाने सर्वांत लहान आणि आमच्या मते सर्वांत सुरेल, त्याने मात्र सांगितले की माझ्या दोन्ही चकत्यांवर एकेक बांगडा काढावा, रुपेरी. समितीत यावर जे बोलणे झाले त्याचे सार इतिवृत्तात आहे, परंतु वृद्ध मुखत्यारांचे एक वाक्य इतिवृत्तात नाही, आणि गावभर झाले ते तेच: "कानांत नुस्तें घालून देवामुखार गातलो?" कोकणीत ते जसे लागते तसे मराठीत लागणार नाही. त्यावर देणगीदारांपैकी एकाने सुचविले की मासे नकोत आणि काळेही नको. आपल्या दुकानाची मुद्रा घालावी. (देवळातील बाकावर, पंख्यावर आणि घड्याळावर 'अमुक यांजकडून' हे वाचूनही ज्यांचे समाधान होत नाही अशी माणसे प्रत्येक गावात असतात, कान तेवढे राहिले होते.) तिसरा पक्ष म्हणाला की भजनाचे यंत्र आहे, तर त्यावर देवाचीच प्रतिमा असावी. असे तीन पक्ष झाले, आणि कागद आमच्याकडे आला.

आम्ही आठ दिवसांत मत दिले. पैसा देवस्थानचा, म्हणून वस्तू देवस्थानची. ज्याची वस्तू त्याची आवड. म्हणून देवस्थानास शोभेल असा साधा काळा रंग समितीने मुक्रर करावा. मत पाठविले, बिल पाठविले, आणि रात्री ते पुन्हा वाचले. वकिलास आपल्याच वाक्यांतील 'म्हणून' हा शब्द तपासण्याची सवय असावी लागते. पहिले 'म्हणून' ठीक होते. दुसऱ्यात काहीतरी चोरून आत शिरले होते. ज्याची वस्तू त्याची आवड, हे मान्य केले, तरी काळा रंग ही देवाची आवड आहे हे आम्हांस कोणी सांगितले? ती समितीची आवड होती. समितीची म्हणण्यापेक्षा ती आमची होती. आणि तीही आवड नव्हे, कोणी काही बोलू नये एवढीच इच्छा होती.

या दुसऱ्या 'म्हणून'च्या शोधात आम्ही प्रथम जुन्या कायद्याकडे गेलो. गोव्यातील वकिलास रोमन कायद्याचे थोडे अगत्य असतेच; १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा काही बाबतींत आजही आमच्या रोजच्या कामाचा आहे, आणि त्याची मुळे तिकडे जातात. दुसऱ्याच्या फळीवर चित्रकाराने चित्र काढले, तर ती वस्तू कोणाची, हा रोमन पंडितांचा आवडता वाद होता. दुसऱ्याच्या कागदावर लिहिले, अगदी सोन्याच्या अक्षरांनी लिहिले, तरी लेखन कागदाच्या मागे जाते, म्हणजे कागदवाल्याचे होते. परंतु चित्राच्या बाबतीत उलट: फळी चित्रामागे जाते. दुसऱ्या शतकातील गायस हा नियम सांगतो आणि लगेच प्रामाणिकपणे कबूल करतो की या भेदाचे समाधानकारक कारण देणे कठीण आहे. पुढे ५३३ साली जस्टिनियन बादशहाच्या ग्रंथात कारण दिले गेले, की अपेलेससारख्या चित्रकाराचे चित्र एखाद्या क्षुद्र फळीचे बांडगूळ ठरावे हे हास्यास्पद होईल. कारण सुंदर आहे. परंतु ते किमतीचे कारण आहे. आमच्यापुढच्या प्रश्नात फळीच महाग होती आणि चित्र स्वस्त. शिवाय रोमन पंडितांना एक गोष्ट सुचण्याचे कारण नव्हते: फळी एकाची, चित्र दुसऱ्याचे, आणि आकार तिसऱ्याच्या शरीराचा, अशी वस्तू त्यांनी पाहिली नव्हती. ज्या वस्तूचा घाट एका जिवंत माणसाच्या कानातून उतरला आहे, ती पावतीवर नाव असलेल्या मालकाची संपूर्णपणे असू शकते काय? कायद्याने असू शकते. पण 'संपूर्णपणे' हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते.

याच सुमारास आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी आधीच यावयास हवी होती. ते वृद्ध मुखत्यार स्वतः श्रवणयंत्र वापरतात. ते यंत्र आणि हे यंत्र एका घरचे. तोच ठसा, तेच ॲक्रिलिक, आत त्याच जातीचा ध्वनिजनक. तथापि एक यंत्र कातडीच्या रंगाचे करतात, कारण ते दिसू नये; दुसऱ्यावर चित्र काढतात. मुखत्यार बैठकीस येताना टोपी थोडी खाली ओढून घेतात, आणि आपण ऐकू शकत नाही हे कळण्यापेक्षा आपण ऐकत नाही असे लोकांना वाटलेले त्यांना पत्करते. चष्म्याची लाज आपल्या समाजातून गेली. चष्म्याची सोनेरी चौकट हे उलट भूषण झाले. कानाची लाज अजून गेलेली नाही. ज्या माणसाने वीस वर्षे आपल्या कानातील वस्तू लपविण्यात घालविली, त्यास दुसऱ्याने कानात रुपेरी मासा मिरवावा हे सहन झाले नाही, यात आम्हांस आता हसण्यासारखे काही दिसत नाही. लहान मुलांची श्रवणयंत्रे आता तांबड्या-पिवळ्या-हिरव्या रंगांत मिळतात. साठ वर्षांच्या माणसास ती कोणी दाखवीतही नाही.

परंतु 'मिरविणे' हा शब्द आम्ही वापरला तो तरी खरा आहे काय? मिरविण्यास पाहणारा लागतो. त्या गायकाचे केस कानावर येतात. नसते आले तरी दहा हातांवरच्या श्रोत्यास नखाएवढी चकती दिसत नाही. आणि खुद्द गायकास ती कधीच दिसत नाही, कारण तो गात असतो तेव्हा ती त्याच्या कानात असते. कर्णभूषणाचे हे वैशिष्ट्यच आहे. अंगठी आपली आपल्यास दिसते, हार मान वाकविली तर दिसतो. परंतु कुडी, बुगडी, वेल किंवा पेशवाईतील पुरुषांची भिकबाळी, यांतील काहीच आरशावाचून ज्याचे त्यास दिसत नाही. तरीही आपल्याकडे मुलाच्या अंगावर संस्काराने जी पहिली खूण होते ती कानावर. महाभारतात कर्णाची कुंडले त्याच्या देहाबरोबरच जन्मली. दुसऱ्या कोणास ती बसणारी नव्हती आणि त्यांची किंमत करणाराही कोणी नव्हता. इंद्राने ती मागितली तेव्हा कर्णाने ती कापूनच दिली. कवच-कुंडलांचा विचार आपण नेहमी दानाच्या बाजूने करतो. मागणाराच्या बाजूने कोणी फारसा करीत नाही: दुसऱ्याच्या कानात वाढलेली वस्तू मागावी, हे इंद्रास कसे सुचले?

पाहणाराच नाही तर अलंकार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि समितीच्या एका सदस्याने तो विचारलाही. त्यास आम्ही एका गोमंतकीय बाईंच्या आवाजाची गोष्ट सांगितली. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी सुटले आणि त्याच महिन्यात केसरबाई निवर्तल्या. त्या यानांवरील सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीवर, ध्वनिरेषा जेथे संपतात त्या मोकळ्या पट्टीत, तबकडी तयार करणाऱ्यांपैकी टिमथी फेरिस यांनी हाताने एक ओळ कोरली. सर्व लोकांतील आणि सर्व काळांतील संगीत निर्माण करणाऱ्यांना ती अर्पिली आहे, असा तिचा आशय. यानाच्या तपासनिसांनी ती तबकडी नापास केली. कारण आराखड्यात आकारमान होते, वजन होते, द्रव्य होते, कोरलेल्या ओळीची मात्र नोंद नव्हती. तपासनिसांना आम्ही दोष देत नाही, आम्हीही तोच धंदा करतो. शेवटी कार्ल सेगन यांनी रदबदली केली, की या यानावर मनुष्याचे हस्ताक्षर असे हे एकच असेल. ती ओळ गेली. तिला वाचणारा कोणी नाही, आणि बहुधा कधी भेटणारही नाही. पण ती पुसून तबकडी पाठविली असती तर काय बिघडले असते, या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे देणारा मनुष्य आम्हांस अजून भेटावयाचा आहे. त्या सदस्यांनीही ते दिले नाही, ते म्हणाले, "ती ओळ होती, मासा नव्हे."

म्हणजे गाडी फिरून माशावर आली, आणि ती तेथेच यावयास हवी होती. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आवड आणि सौंदर्य यांत एक भेद केला आहे. एखादे मद्य मला गोड लागते, असे म्हणणारा 'मला' हा शब्द न कुरकुरता जोडतो. पण एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा 'मला' म्हणत नाही, तो सर्वांची संमती मागतो. हा भेद आम्हांस मान्य आहे. परंतु समितीच्या बैठकांत एक तिसराच प्रकार असतो, त्याचे नाव 'शोभत नाही'. त्यात 'मला आवडत नाही' एवढा नम्रपणा नाही, आणि 'सुंदर नाही' असे म्हणून कारण देण्याची जबाबदारीही नाही. जी समिती माशास शोभत नाही म्हणाली, तिच्याच मागच्या पिढीने आपल्या देवळाच्या भिंतींवरील कावीची चित्रे, चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या रंगाने कोरून काढलेली, शोभत नाहीत म्हणून काढून टाकली आणि तेथे स्नानगृहाच्या चकचकीत फरश्या बसविल्या. गोव्यातील किती देवळांची कावी अशी गेली याचा हिशेब करण्यास आता उशीर झाला आहे. त्याच गर्भगृहाच्या दारावर आज विजेच्या रंगीत माळा नाचतात. त्या शोभतात. आम्ही हे चिडून लिहीत नाही. त्या फरश्यांच्या देणगीदारांत आमच्याही घराण्याचे नाव आहे.

मग माशात न शोभणारे काय होते? आम्ही, समितीचे बहुसंख्य सदस्य आणि मुखत्यार, सोमवार व श्रावण सोडून मासे खाणारे लोक आहोत. विष्णूच्या दहा अवतारांतील पहिला मत्स्य. पंढरीच्या विठोबाच्या कानांत मकरकुंडले. मकर म्हणजे शास्त्राने कोणता जलचर ते पंडित ठरवोत, भाविकांच्या डोळ्यांना ते मासेच दिसतात, आणि चित्रकार मासेच काढतात. हा युक्तिवाद आमच्या हाती आला तेव्हा आम्हांस आपल्या बुद्धीचे कौतुक वाटले. न्यायालयात तो जिंकला असता. तो घेऊन आम्ही त्या गायकाकडे गेलो, की तू असे सांग, समितीस बोलता येणार नाही.

त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ते विठोबाचे मासे नव्हेत. त्याची आजी तिंट्यावर नुस्ते विकी. त्याला जेवढे अभंग पाठ आहेत ते सर्व तिने शिकविले. सूर हलला की ती टोपलीवरून मान वर करी, आणि तेवढ्यानेच त्याला आपली चूक कळे. आपला कान तिने तयार केला, असे तो म्हणाला. सप्ताहात ती रात्रभर सभामंडपाच्या पायरीखाली उभी राहून ऐके, आत येत नसे आणि घंटेस हात लावीत नसे. का, असे त्याने लहानपणी विचारले तेव्हा तिने आपले हात त्याच्या नाकाशी धरले. एवढेच त्याने सांगितले, तेही मागितल्यावर. आम्ही त्या देवळाचे महाजन नव्हे. परंतु आमच्याही देवळाला पायऱ्या आहेत, आणि आमच्या आठवणीत त्यांच्याखाली उभी असलेली माणसे आहेत. ती तेथे का उभी आहेत असा प्रश्न आम्हांस लहानपणी पडला नाही. मोठेपणीही तो आम्ही कोणास विचारला नाही.

तेव्हा कळले की मुखत्यारांच्या त्या वाक्यातील 'नुस्तें' हा शब्द माशाविषयी नव्हताच. आवडनिवडीच्या नावाखाली माणसाची जागा दाखविण्याचे काम आपल्या समाजात फार जुने आहे. जात विचारणे आता असभ्य झाले, कायद्याने तर गुन्हाही ठरू शकते. रुचीविषयी बोलण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही. भडक, गावंढळ, न शोभणारे, ही विशेषणे वस्तूस लावली म्हणजे माणसास लावावी लागत नाहीत. हे आम्हांस दुसऱ्याच्या तोंडी ओळखू आले. आमच्या पहिल्या मतातील 'देवस्थानास शोभेल असा' हे शब्द मात्र आमच्याच हातचे होते.

देवाची प्रतिमा काढावी म्हणणाऱ्या पक्षाचे उत्तर त्या गायकानेच परस्पर दिले. यंत्र कानातून काढल्यावर त्याचा मळ पुसावा लागतो. ते डबीत पडते, खिशात जाते, दुरुस्तीस परगावी जाते. "देव असा कसा वापरू?" असे तो म्हणाला. आम्ही त्यास कायद्याची पुस्ती जोडली: लोकांच्या धर्मभावना दुखावतील अशी मुद्रा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदविता येत नाही, आणि 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी कोणा एकास आपले करून घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले आहे. खाजगी वस्तूस हे लागू नाही, हेही आम्ही लिहिले. लागू नसते तेथेच मर्यादा लागते, आणि ती त्या मुलाजवळ आमच्यापेक्षा अधिक होती.

दुसरे मत आम्ही बिलाशिवाय पाठविले. त्यात १९२५ चा प्रिव्ही कौन्सिलचा मल्लिक घराण्याचा निवाडा घेतला. कलकत्त्यातील एका कुटुंबदेवतेच्या स्थानावरून तो वाद होता. देवता ही काही इकडून तिकडे हलविण्याची जंगम वस्तू नव्हे, तिची इच्छा काय हे ऐकले पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यास ज्याचा स्वार्थ नाही असा मनुष्य नेमला पाहिजे, असे त्यात ठरले. आम्ही समितीस विचारले की या प्रकरणात स्वार्थ नसलेला असा कोण आहे? दुकानवाले देणगीदार नव्हेत. लोक काय म्हणतील याची धास्ती असलेले सदस्य नव्हेत. पहिले मत देणारा वकील तर नव्हेच. यंत्र देवस्थानचे आहे, त्याच्या खरेदीवर व वापरावर समितीचा अधिकार आहे, त्यावर जाहिरात असू नये आणि कोणाचा उपमर्द असू नये, एवढे म्हणण्याचा तिला हक्क आहे. बाकी ती नखाएवढी जागा ज्याच्या कानाच्या मापाची आहे त्याची समजावी, व चित्राचा जादा खर्च त्याने सोसावा. समितीने हे एका मताने मान्य केले. एका मताने म्हणजे एकमताने नव्हे. एका मताच्या आधिक्याने. मुखत्यार विरुद्ध होते.

सप्ताहाच्या रात्री आम्ही गेलो होतो. मासे कोणासही दिसले नाहीत. तो मुलगा गेल्या वर्षीपेक्षा हळू गात होता, आणि अधिक ऐकू येत होता. ओरडावे लागत नसल्यामुळे त्याच्या आवाजातील खालचे स्वर प्रथमच आमच्या कानी पडले. भैरवी झाली तेव्हा उजाडत होते. त्याने यंत्रे काढली, फडक्याने पुसली, आणि डबीत ठेवणार इतक्यात मुखत्यार काठी टेकीत आले आणि त्यांनी हात पुढे केला. मुलाने दोन्ही यंत्रे त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, एक यंत्र डोळ्यांजवळ नेले, आणि बराच वेळ पाहत राहिले. आम्ही जवळ गेलो. कोणता मासा, असे त्यांनी विचारले. बांगडा, असे मुलाने सांगितले. त्यांनी ते पुन्हा विचारले, तेव्हा त्याने मोठ्याने सांगितले.

"हा आमचा बांगडा नव्हे," मुखत्यार म्हणाले. "याच्या पाठीवर वाघासारखे आडवे पट्टे काढले आहेत. हा विलायती. आमच्या बांगड्याच्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे, उभ्या लांब जातात. ताजा असला तर त्यांवर सोनेरी झाक असते. आणि येथे, पंखाखाली, एक काळा ठिपका पाहिजे." मुलाने यंत्र परत घेऊन पाहिले. ते खरे होते. दूरच्या शहरातील कारागिराने कोठल्या तरी परदेशी पुस्तकातला मासा उतरविला होता, आणि मुलाच्या लक्षात आले नव्हते. कवच सैल होऊन नवा ठसा घ्यावा लागेल तेव्हा दुरुस्त करून घेतो, असे तो म्हणाला. मुखत्यारांनी ठिपका नेमका कोठे हवा ते बोटाने पुन्हा एकदा दाखविले.